पथ्यावर पडलेलं काम

नमस्कार, श्रोतेहो. मी आहारतज्ज्ञ आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी स्वतःच्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "महिन्याभरात किती उतरेल?" या व्यवसायात यायचं म्हणणारी मुलंमुलीही बरेचदा एवढंच डोक्यात ठेवून येतात. म्हणून आज वजनकाटा बाजूला ठेवूया.

अतिदक्षता विभागात चला. इथला रुग्ण बेशुद्ध आहे, नाकातून पोटात गेलेल्या नळीनं त्याला अन्न मिळतंय. ताशी किती मिलिलिटर, त्यात प्रथिनं किती, हे ठरवायला डॉक्टरांच्या शेजारी आहारतज्ज्ञ उभा असतो. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर द्यावं, असं कुणालाही वाटेल. तिथेच घात होतो. साखर मिळाली की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धातल्या उपाशी युद्धकैद्यांना पुन्हा खायला घातल्यावर हे ठळकपणे लक्षात आलं. म्हणून सुरुवात अगदी थोड्यानं करायची आणि रोज रक्ताचा रिपोर्ट बघून पुढे सरकायचं.

मुलांच्या वॉर्डात वेगळंच काम. काही मुलांचा अपस्मार, म्हणजे फिट्स येण्याचा आजार, औषधांना दाद देत नाही. त्यांच्यासाठी १९२१ मध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी कीटोजेनिक आहार सुचवला. आज वजन उतरवण्यासाठी जे 'कीटो कीटो' चालतं, त्याचं मूळ इथे आहे! खऱ्या उपचारात ४ ग्रॅम स्निग्ध पदार्थाला प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, इतकं काटेकोर गणित असतं. प्रत्येक घास तोलायचा, आणि तो मुलानं आनंदानं खावा हेही बघायचं. गणित सोपं, दुसरं अवघड.

खेळाडूंबरोबर काम करणारे आहेत. लांब पल्ल्याच्या धावपटूला शर्यतीत तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ती पचवायची सवय पोटाला सरावातच लावावी लागते. कुणी संशोधनात रमतं, कुणी शिकवतं, कुणी अंतराळवीरांचं जेवण आखतं. मला स्वतःला मोठ्या स्वयंपाकघरांचं काम फार मोलाचं वाटतं. हजारो ताटांतलं मीठ थोडं कमी केलं, तर दवाखान्यात बसून जन्मभरात भेटणार नाहीत इतक्या माणसांपर्यंत तुम्ही पोचता. पण त्याला झगमगाट नाही, म्हणून तिकडे फारसं कुणी वळत नाही.

तरीही नव्यानं येणाऱ्यांना मी म्हणते, पहिली दोन वर्षं रुग्णालयात काढा. का, ते माझ्याच फजितीवरून सांगते.

डायलिसिसवरच्या एका काकांना मी चार्ट दिला. पोटॅशियम मोजूनमापून, अगदी देखणा चार्ट. शेवटी बजावलं, "मीठ कमी करा हं." पुढच्या वेळी रक्तातलं पोटॅशियम खाली यायचं सोडून वर चढलेलं. मी चिडले. "पथ्य पाळत नाही तुम्ही!" काका गप्प. काकू हळूच म्हणाल्या, "अगं, तू सांगितलंस म्हणून साधं मीठ बंदच केलं. ते कमी सोडियमवालं आणलंय, महाग असूनही." माझे डोळे उघडले. त्या मिठात सोडियम क्लोराइडसोबत पोटॅशियम क्लोराइडही असतं. मूत्रपिंड निकामी झालेल्याला नेमकं तेच नको. काकांनी माझं शब्दशः ऐकलं होतं, पण घरातल्या मिठाच्या डब्यात काय आहे, हे मीच विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी 'काय खायचं नाही' नंतर सांगते. आधी विचारते, घरी रांधतं कोण, सामान आणतं कोण, डब्यावरची बारीक अक्षरं वाचतं कोण.

ही खोड पुढे माझ्या पथ्यावर पडली. काही वर्षं मी एका खाद्यकंपनीत लेबलं तपासायच्या कामाला होते. तिथे असंच एक मीठ बाजारात येणार होतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, ही सूचना ठळक हवी म्हणून मी अडून बसले. वेष्टनावर जागा नाही म्हणे. मी तीन ओळी मागत होते. घासाघीस करून एक मिळाली. पण ती पुढच्या बाजूला मिळाली, झाकणाच्या अगदी खाली.