लुआमध्ये लोकल व्हेरिएबलचं नाव रनटाइमला, म्हणजे कोड चालू असताना, ठरवता येतं का?

[कॅमेऱ्यासमोर]

समजा, तुम्ही लुआ या प्रोग्रामिंग भाषेत एक गेम लिहिताय. स्क्रीनवर दहा एनिमी आणायचेत. तुम्ही फॉर लूप लावला आणि वाटलं, प्रत्येक फेरीत एक नवं लोकल, म्हणजे कोडच्या तेवढ्याच भागापुरतं व्हेरिएबल, तयार झालं तर किती छान! एनिमी१, एनिमी२, एनिमी३... आकडा आपोआप चिकटायला हवा, बस. म्हणून तुम्ही लिहिलं: लोकल, पुढे कंस, कंसात "एनिमी" डॉट डॉट आय, म्हणजे "एनिमी"ला लूपचा आकडा जोडा. लुआ ते चालवून बघायलाही तयार नाही. थेट सिंटॅक्स एरर.

राग येतो, मान्य. पण यात लुआचा आडमुठेपणा नाही. लोकलचं नाव हे तुमच्या-माझ्या वाचण्याच्या सोयीसाठी असतं. लुआ ५.० पासून, म्हणजे २००३ पासून, लुआचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कोड चालवणारा भाग, रजिस्टरवर, म्हणजे नंबर दिलेल्या कप्प्यांवर, चालतं. तुम्ही "लोकल स्कोअर" लिहिता, कंपायलर त्याला एक रजिस्टर नेमून देतो आणि पुढे सगळा कारभार त्या रजिस्टरच्या नंबरवर चालतो. नाव उरतं ते फक्त डीबगच्या माहितीत. लुआसीला, म्हणजे लुआच्या कंपायलरला, वजा एस देऊन कंपाइल करा, तीही माहिती जाते. प्रोग्राम मात्र पूर्वीसारखाच चालतो. आता कोड चालू असताना नवं नाव आणलंत, तर ते ठेवणार कुठे?

[स्क्रीनवर कोड]

"पण स्ट्रिंगमधल्या मजकुराचा कोड बनवणारं लोड आहे ना?" असं कोणीतरी म्हणणारच. बघूया. पहिली ओळ: लोकल एक्स बरोबर १०. दुसरी: लोडला स्ट्रिंग दिली, "एक्स = २०", आणि लगेच कॉल केलं. तिसरी: प्रिंट एक्स. काय येईल? थांबा, आधी मनात उत्तर द्या.

१० येतं. लोड केलेला तुकडा स्वतंत्र फंक्शन असतो, त्याला तुमचे लोकल दिसतच नाहीत. त्याने गुपचूप एक ग्लोबल एक्स तयार केला आणि २० त्यात टाकले. स्ट्रिंगमध्ये "लोकल एक्स" लिहिलं असतं, तर तो एक्स त्या तुकड्यातच जन्मला असता आणि तिथेच संपला असता. डीबग लायब्ररीतलं सेटलोकलही असलेल्या लोकलची किंमत बदलतं, नवं लोकल बनवत नाही.

मग लोक वळतात अंडरस्कोर जी कडे. सगळे ग्लोबल ज्यात राहतात ते टेबल, त्यात हवं ते नाव की म्हणून टाका. मीही टाकल्या होत्या. सेटिंगच्या फाइलमधली प्रत्येक की सरळ अंडरस्कोर जी मध्ये. एका कीचं नाव होतं "टाइप", किंमत "बॉस". झालं! लुआचं स्वतःचं टाइप फंक्शन गेलं, तिथे एक स्ट्रिंग येऊन बसली. एरर आली भलत्याच फाइलमध्ये: स्ट्रिंगला कॉल करता येत नाही. अर्धी संध्याकाळ त्या फाइलकडे बघत बसलो, जिचा काही दोषच नव्हता.

[कॅमेऱ्यासमोर]

तुम्हाला खरं हवंय ते टेबल. लोकल एनिमीज बरोबर रिकामं टेबल, आणि लूपमध्ये एनिमीज, चौकोनी कंसात आय. टेबल लोकल आहे, त्यामुळे बाहेर काही सांडत नाही. शिवाय एका फंक्शनमध्ये एका वेळी २०० पेक्षा जास्त लोकल चालत नाहीत, टेबलला ती अडचण नाही.

आता एक जागा, जिथे रनटाइमची नावं खरोखर लागतात. युजरने सूत्र टाइप केलंय, "एक्स गुणिले दोन अधिक वाय", आणि ते चालवायचंय. लुआ ५.२ पासून लोडला चौथं आर्ग्युमेंट देता येतं, एन्व्हायर्नमेंटचं टेबल. सूत्रातलं प्रत्येक मोकळं नाव, म्हणजे जे लोकल नाही ते, त्या टेबलात शोधलं जातं. टेबलात एक्स ५ आणि वाय ३ ठेवा, सूत्राच्या आधी "रिटर्न" जोडा, उत्तर १३. वापरणाऱ्याला वाटतं व्हेरिएबल आहेत, आत आहेत टेबलाच्या की. ५.१ किंवा लुआजिटवर (लुआची वेगळी, वेगवान आवृत्ती) असाल तर लोडस्ट्रिंग आणि सेटएफएन्व्ह ही जोडी हेच काम करते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. तिसरं आर्ग्युमेंट "टी" द्या, म्हणजे फक्त मजकूर घेतला जाईल, आधीच कंपाइल केलेला बायनरी कोड नाही. दुसरी जरा छुपी आहे. एन्व्हायर्नमेंटचं टेबल रिकामं असलं, तरी स्ट्रिंगच्या मेथड चालतातच, कारण त्या स्ट्रिंगच्या मेटाटेबलमधून, म्हणजे स्ट्रिंगने कसं वागायचं ते ठरवणाऱ्या वेगळ्या टेबलातून, येतात. म्हणजे एखाद्याने सूत्राच्या जागी एका अक्षरावर rep ही स्ट्रिंगची मेथड लावून ते शंभर कोटी वेळा रिपीट करायला सांगितलं, तर तुमचं टेबल नुसतं बघत राहील आणि मेमरी भरत जाईल. त्याचा बंदोबस्त पुढच्या व्हिडिओत, इथे उरकण्यासारखा नाही तो.