खटका, पिन आणि बर्फ

नमस्कार श्रोतेहो. साकीनाक्याच्या एका लहानशा टूलरूममध्ये मी 25 वर्षं जिग-फिक्श्चर, म्हणजे काम करताना सुटा भाग दर वेळी नेमक्या जागी धरून ठेवणारे साचे, करतोय. आज मात्र बोलणार आहे बर्फावरच्या स्केटच्या पात्याबद्दल. मुंबईत बसून बर्फाच्या गोष्टी कसल्या, असं वाटेल तुम्हाला. पण आपल्याकडे चाकांवर तयार झालेली बरीच मुलं आता बर्फाकडे वळताहेत. माझी भाची त्यातलीच. पहाटे पाचला सोसायटीच्या रस्त्यावर चाकांचा सराव, आणि वर्षातून दोन-तीनदा आईबरोबर रेल्वेनं उत्तरेला, बर्फाच्या रिंकवर.

बूट एकच. त्याच्या तळाला कधी चाकांची फ्रेम, कधी पोलादी पातं. दोन बोल्ट आणि ते फिरवायची षटकोनी चावी, ॲलन की. ऐकायला सोपं आहे. पण बोल्ट सारखे काढून-घालून आटे गेले, की चावी नुसती फिरत राहते. रिंकवर तासाचे पैसे मोजलेले असतात. मागच्या हिवाळ्यात परत आली तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "मामा, अर्धा तास पातं लावण्यातच गेला. आणि लावलं तेही कालच्या जागी बसलं नाही."

ते दुसरं वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

ती खेळते तो शॉर्ट ट्रॅक, म्हणजे बर्फावरच्या लहान अंडाकृती मार्गावरची स्केटिंगची शर्यत. फेरी 111.12 मीटरची आणि वळण कायम डावीकडे. वळताना खेळाडू इतका आत झुकतो, की बूट बर्फाला टेकायला आलेला असतो. म्हणून दोन्ही पायांची पाती बुटाच्या मध्यावर न लावता थोडी डावीकडे सरकवून लावतात. पातं असतं जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर जाडीचं. ते केसभर जरी सरकलं, तरी पायाला लगेच कळतं. म्हणजे पातं झटकन निघायला हवंच, पण परत लावताना ते नेमकं त्याच जागी बसायला हवं. मला विचाराल तर खरं काम इथे आहे. सोडवणारा खटका कोणीही करील.

आइस हॉकीत ही सोय आधीच आली आहे. पूर्वी पातं धरणारे बोल्ट बुटाच्या आत, अस्तराखाली असायचे. पातं बदलायचं तर पाय बाहेर काढा, अस्तर उचला. आता मागच्या बाजूला एक खटका असतो. सामना चालू असताना गोलच्या खांबावर आपटून धार गेली, तर खेळाडू बाकावर पाय वर करतो, मदतनीस खटका ओढतो, धार लावलेलं दुसरं पातं बसवतो आणि गडी परत मैदानात. बूट पायातच. पण हॉकीचं पातं सुमारे तीन मिलिमीटर जाड, प्लॅस्टिकच्या खाचेत बसणारं. ती रचना आमच्या बुटाला जशीच्या तशी लागू होत नव्हती.

मी दोन पट्ट्या केल्या. वरची ॲल्युमिनियमची, बुटाला कायमची जोडलेली. डावीकडचं सरकवणं एकदा ठरवायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही. खालची पोलादाची, पात्याबरोबर निघणारी. तिच्यावर दोन पिना, त्या वरच्या भोकांत बसतात. आडवा जोर पिनांनी घ्यायचा, खालचा ओढा तिरक्या पाचरीनं. खटक्यावर जोर अजिबात येऊ द्यायचा नाही. त्यानं फक्त पाचर मागे सरकू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. दाराचं वजन बिजागऱ्या उचलतात, कडी नाही, तसंच हे.

टूलरूममध्ये सुरेख बसलं. बोटानं दाबलं की टक्क आवाज, हलवून बघितलं तर तसूभर खेळ नाही. भाची ते घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी फोन आला: लागलंय मस्त, पण निघत नाही.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. दोन पिनांमधलं अंतर 195 मिलिमीटर. टूलरूममध्ये 32 अंश, बर्फाशी उणे 5. म्हणजे 37 अंशांचा फरक. थंडीत ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट आक्रसतं. हिशेब केला तर दोन पट्ट्यांच्या लांबीत मिलिमीटरचा जवळजवळ बारावा भाग फरक पडत होता. घट्ट बसवलेल्या पिनेला एवढा पुष्कळ झाला. भोकं जवळ आली आणि पिना चावल्या गेल्या. फिक्श्चरमध्ये आम्ही एक पिन गोल आणि दुसरी डायमंड, म्हणजे दोन बाजूंनी घासून चौकटच्या आकाराची, करतो ती याचसाठी: लांबीच्या दिशेनं थोडी मोकळीक, आडव्या दिशेनं मुळीच नाही. इथे घाईत मी दोन्ही गोल ठेवल्या होत्या, आणि पोरीचा एक दिवस त्यात गेला. त्याची रुखरुख अजून आहे.

मागची पिन कानशीनं डायमंड केली. पण या वेळी तिच्या हातात द्यायच्या आधी तपासायचं होतं. मुंबईत बर्फाची रिंक कुठून आणू? मासळी बाजारात बर्फ फोडून देतात, तिथून अर्धी लादी आणली. बादलीत बर्फ आणि खडे मीठ, कुल्फीवाला घालतो तसं. थर्मामीटर उणे 12 वर उतरला. पट्ट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तासभर पुरल्या. मग बायकोचे लोकरी हातमोजे घालून खटका दाबला, कारण शॉर्ट ट्रॅकला हातमोजे घालावेच लागतात. निघालं. पुन्हा लावलं, पुन्हा निघालं. बारीक सरक मोजणारी डायल लावून बघितलं, तर पातं दर वेळी त्याच जागी येत होतं.

आणखी एक गोष्ट केली. खटका पूर्ण बसला नसेल तर बाजूला लाल रंगाची रेघ दिसते. अर्धवट लागलेलं पातं वरून लागल्यासारखंच दिसतं, आणि वळणावर ते सुटलं तर पोर कठड्यावर जाईल. तो विचार आला की झोप लागत नाही.

आता उरलाय पाण्याचा प्रश्न. पात्याखालचा चुरा खाचेत जातो, वितळतो आणि बाकावर बसेपर्यंत पुन्हा गोठतो. पाचरीच्या मागे मी तिरकं भोक पाडलंय, पाणी वाहून जायला. पुढच्या महिन्यात भाची निघेल. बरोबर जादा स्प्रिंगा देतोय आणि एक वही; प्रत्येक वेळी किती सेकंद लागले आणि भोक बुजलं होतं का, ते तिनं लिहून आणायचंय.