मराठी शुद्धलेखन स्पर्धा भरवायची, तर आधी शब्दांची यादी

नमस्कार. माझ्या मागे भिंतीवर जो कापडी फलक दिसतो आहे, तो आम्ही तालुक्यातल्या शाळांसाठी भरवलेल्या पहिल्या शुद्धलेखन स्पर्धेचा आहे. त्यावर ठळक अक्षरांत ‘पारितोषीक वितरण’ असे छापलेले आहे. छापण्यापूर्वी मजकूर तपासायला माझ्याकडेच आला होता आणि मीच तो वाचून ‘ठीक आहे’ असे कळवले होते. सातवीतल्या एका मुलीने बक्षीस घेताना हळूच ‘सर, षि पहिली’ असे म्हटले, तेव्हा माझे लक्ष तिकडे गेले.

अशी स्पर्धा भरवू इच्छिणारे शिक्षक आणि पालक मला बहुधा सभागृह, ध्वनिक्षेपक, चषक आणि प्रमुख पाहुणे यांविषयी विचारतात. त्यात अवघड काही नाही. ते सारे आठ दिवसांत उभे राहते. शब्दांची यादी मात्र तीन महिने खाते, आणि स्पर्धा चांगली झाली की वाईट हे त्या यादीवरच ठरते. म्हणून आज मी बहुतेक यादीविषयीच बोलणार आहे.

आपल्या डोळ्यांसमोर नमुना असतो तो इंग्रजी ‘स्पेलिंग बी’चा. अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा १९२५ मध्ये अवघ्या ९ स्पर्धकांनिशी सुरू झाली आणि १९८५ मध्ये बालू नटराजन याच्या रूपाने तिला पहिला भारतीय वंशाचा विजेता मिळाला. तिथे मूल व्यासपीठावर उभे राहून एकेक अक्षर उच्चारते. शब्दाचा अर्थ, त्याचे मूळ आणि वाक्यातला उपयोग विचारण्याची त्याला मुभा असते. इंग्रजीत ही पद्धत शोभते, कारण उच्चार आणि लेखन यांची तिथे फारकत आहे. मराठीत हाच प्रयोग आम्ही एकदा केला. ‘कविता’ सांगताना मुलगा ‘क, मग व ला पहिली वेलांटी, मग त ला काना’ असे म्हणू लागला आणि मागच्या रांगेतल्या पालकांना कोणती वेलांटी कुठे गेली हेच कळेना. मराठीतली खरी अडचण ह्रस्व-दीर्घ, श-ष, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांत आहे, आणि ती कागदावरच दिसते. त्यामुळे आम्ही मंच सोडून श्रुतलेखनाकडे वळलो: सर्व मुले एकाच वेळी बसतात, सर्वांना सर्व शब्द मिळतात आणि पहिल्याच चुकीला कोणी घरी जात नाही.

श्रुतलेखनात मात्र शब्द सुटा देऊन चालत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘सलिल’ आणि ‘सलील’ या जोड्या रोजच्या बोलण्यात जवळजवळ सारख्याच ऐकू येतात. म्हणून शब्द, मग वाक्य, मग पुन्हा शब्द असा क्रम ठेवावा. ‘जत्रेच्या आचाऱ्यांना मानधन दिले’ आणि ‘आश्रमातील आचार्यांना वंदन केले’ ही वाक्ये शेजारी ठेवली, की अर्ध्या र ची गंमत मुलांना आपोआप उमगते. शब्द वाचणारी व्यक्ती एकच असावी, आणि तिने यादी आदल्या दिवशी मोठ्याने वाचून पाहावी.

आता गोव्याचा खास प्रश्न. आमच्याकडची अनेक मुले घरी कोंकणी बोलतात, प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीकडे जातात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापरालाही मान्यता मिळाली. म्हणजे एकच लिपी, पण लेखनाचे संकेत दोन. कोंकणीत ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ असे लिहितात, मराठीत ‘नाव’, ‘गाव’, ‘पाच’. एका मुलाने हे तिन्ही शब्द अनुस्वार देऊन लिहिले आणि आम्ही तीन गुण कापले. त्याच्या आईने उत्तरपत्रिका पाहून शांतपणे विचारले, की याने चूक केली की दुसऱ्या भाषेत बरोबर लिहिले? तेव्हापासून आम्ही स्पर्धेपूर्वी अर्धा तास फलकावर दोन रकाने आखून हा फरक दाखवतो आणि मगच गुण कापतो.

हे अनुस्वार मराठीतही होतेच. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या १४ नियमांनी, उच्चारात न उरलेले, केवळ व्युत्पत्तीमुळे दिले जाणारे अनुस्वार काढून टाकले. १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. म्हणून निर्णयासाठी कोणता कोश वापरणार, हे परिपत्रकातच छापावे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून निघू लागले. अर्थासाठी हे कोश थोर आहेत, पण लेखनाच्या निवाड्यासाठी ते उपयोगाचे नाहीत. एक पालक त्यांतला एक ग्रंथ बगलेत घेऊन आले आणि ‘कांहीं’ हेच शुद्ध असे दाखवू लागले. त्यांचे ग्रंथप्रेम मला आवडले. गुण मात्र मी बदलले नाहीत.

यादी करताना नियमांची उजळणी होईल असे शब्द घ्यावेत. ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘दीपावली’ पण ‘दिवाळी’, ‘गुरू’ पण ‘गुरुवार’, ‘विद्यार्थी’ पण ‘विद्यार्थिनी’: यांतल्या प्रत्येक जोडीमागे सांगता येईल असे कारण आहे. ‘कोजागरी’ की ‘कोजागिरी’ यासारखे, दोन्ही रूढ असलेले शब्द सरळ वगळावेत. ‘अंत’ आणि ‘अन्त’ यांतले कोणतेही रूप ग्राह्य धरावे, कारण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांत परसवर्णाचा (अनुस्वाराऐवजी पुढच्या अक्षराच्या वर्गातले अनुनासिक लिहिण्याचा) विकल्प नियमांनीच दिला आहे. कोणालाच न येणारा जडजंबाल शब्द शोधून आणण्याची हौस परीक्षकांना फार असते; ती आवरावी.

शब्दसंपत्तीची फेरी वेगळी ठेवावी. त्या अमेरिकन स्पर्धेतही २०१३ पासून अर्थाचे प्रश्न आले. आमच्याकडे या फेरीत मुले सर्वांत रमतात ती पोर्तुगीजमधून आलेल्या शब्दांत: चावी, बटाटा, बादली, घमेले, पगार, तुरुंग. ‘लिलाव’ही त्यांतलाच. एकदा ‘लिलाव’ला समानार्थी शब्द विचारला असता पेडण्याकडच्या एका मुलीने ‘पावणी’ असे लिहिले. देवळात नारळ-केळीच्या घडांची बोली लागते, तिला आम्ही पावणीच म्हणतो. छापील उत्तरपत्रिकेत तो शब्द नव्हता. तिघा परीक्षकांपैकी दोघे ‘हे बोलीतले आहे’ म्हणून अडले. शेवटी पूर्ण गुण दिले आणि पुढच्या वर्षी ‘पावणी’ आमच्या यादीत आला.

बरोबरी सोडवण्यासाठी ४० शब्दांचा राखीव संच वेगळ्या पाकिटात ठेवावा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अंतिम सामन्यात २० फेऱ्या झाल्या तरी आठ मुले टिकून होती, आणि अखेर आठही जणांना सहविजेते जाहीर करावे लागले. तालुक्याच्या पातळीवर मला तसे आठ विजेते मिळाले तर आनंदच होईल, पण आम्ही चषक तीनच आणलेले असतात.

उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक असावा आणि त्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात. निकालापूर्वी अर्धा तास मुलांच्या हाती त्या परत द्याव्यात, म्हणजे आक्षेप तिथेच, कोश उघडून, मुलासमोर निकाली निघतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीला लागून तारीख धरू नये. त्या आठवड्यात गोव्यात कोणी सापडत नाही. आमची ३०० शब्दांची यादी या चित्रफितीखाली दिलेली आहे. तिच्यात चूक आढळली तर शब्द आणि नियमाचा क्रमांक लिहून कळवावे.