बारा मोटांच्या विहिरीची मालकीण

(दृश्य: लिंबचं शिवार. झाडांच्या गर्दीतून कॅमेरा विहिरीच्या कठड्यावर येतो आणि खाली पाण्याकडे झुकतो.)

साताऱ्यापासून सोळा किलोमीटरवर, पुणे महामार्ग सोडून आत वळलं की लिंब गाव लागतं. गावच्या शेरी भागात ही विहीर आहे. खोली सुमारे एकशे दहा फूट, व्यास पन्नास फूट. मुख्य विहीर अष्टकोनी, पण जिना आणि पुढचा भाग धरून वरून पाहिलं तर आकार थेट शिवपिंडीचा. लोक हिला बारा मोटांची विहीर म्हणतात. मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी वर काढायची चामड्याची मोठी पिशवी. शनिवार-रविवारी इथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. कमानीत उभं राहून, पायऱ्यांवर बसून, पाण्याकडे पाठ करून फोटो निघतात. विहीर बांधणाऱ्या बाईंचं नाव मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्यांचं नाव विरूबाई. शिवाजी महाराजांचे नातू, थोरले शाहू छत्रपती यांच्या दरबारात पेशवे, प्रतिनिधी, सेनापती असे मातब्बर वावरत, आणि त्याच काळात राजवाड्याच्या आतल्या बाजूला जवळजवळ तीन तपं या बाईंचा शब्द चालत होता.

(दृश्य: जिना उतरत आत. कमानींवरची शिल्पं.)

त्यांची गोष्ट साताऱ्यात सुरू होत नाही. १६८९ मध्ये रायगड पडला. संभाजीराजांच्या राणी येसूबाई आणि त्यांचे सात वर्षांचे पुत्र शाहू मोगलांच्या हाती लागले. पुढची जवळपास अठरा वर्षं शाहूराजांची गेली ती औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत. त्यांची लग्नंही कैदेतच झाली. विरूबाई तिथे आल्या नवरीबरोबर, पाठराखीण म्हणून. बादशहाला नवी नवरी पाहायची होती, तेव्हा येसूबाईंनी सुनेच्या जागी विरूबाईंना शालू नेसवून, दागिने घालून पाठवलं, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. तिचा शब्द न् शब्द खरा धरायचं कारण नाही. पण ज्या घराने ही आठवण जपली, त्या घरात या मुलीबद्दल काय भावना होती, ते तिच्यातून कळतं. सुनेची अब्रू राखायला ती स्वतः पुढे झाली होती.

रीतसर लग्नाची राणी त्या कधीच नव्हत्या. हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं, कारण त्यांचं सगळं सामर्थ्य या उणेपणावर मात करून उभं राहिलं. माहेरची फौज नाही, जहागिरीचा वारसा नाही, पोटचा मुलगा नाही. जे होतं ते छत्रपतींच्या विश्वासावर आणि स्वतःच्या अकलेवर.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि शाहू सुटले. दक्षिणेत येताना पारद गावाच्या पाटलाने त्यांना अडवलं. लढाई झाली, पाटील मारला गेला. त्याच्या बायकोने पदरातलं मूल शाहूराजांच्या पुढ्यात घातलं. पहिल्याच विजयात पदरी आलं, म्हणून मुलाचं नाव फत्तेसिंह ठेवलं. लोखंडे आडनावाच्या पाटलाचं पोर भोसले झालं, आणि ते वाढवलं विरूबाईंनी. हा मुलगा पुढे परत येणार आहे, तो लक्षात ठेवा.

(दृश्य: अजिंक्यतारा, पायथ्याचं सातारा शहर.)

जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. स्वराज्य दोन गाद्यांत वाटलं जात होतं. काकू ताराबाईंशी गादीवरून झगडा चालू होता, सरदार आज इकडे तर उद्या तिकडे. त्या वर्षांत राजवाड्याची घडी बसवायची म्हणजे निव्वळ स्वयंपाकपाणी आणि सणवार पाहायचे, असं समजू नका. छत्रपतींपर्यंत कोण पोचतो, कुणाचा अर्ज कोणत्या वेळी कानी घातला जातो, कुणाच्या घरच्या लग्नाला वाड्यातून काय आहेर जातो, रुसलेल्या सरदाराच्या बायकोला कोण बोलावून घेतं, यावर माणसं जोडली जात आणि तुटत. हा कारभार विरूबाईंच्या हातात होता. थोरल्या राणी सकवारबाई आणि धाकट्या सगुणाबाई, दोघींची आपापली माणसं होती, आपापले हट्ट होते. दोघी विरूबाईंना मान देत. त्यांच्या पुढे वाड्यातलं भांडण वाड्याबाहेर जात नसे.

बाहेरच्या माणसांनाही त्यांचं वजन माहीत होतं. साताऱ्याजवळ धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामी हे साधू राहत. छत्रपतींपासून पेशव्यांपर्यंत, आंग्र्यांपासून त्यांच्या घरातल्या बायकांपर्यंत सगळे त्यांना पत्रं लिहीत. कर्ज, भांडणं, मोहिमा, नवस, सगळं त्या पत्रव्यवहारात आहे. विरूबाईही त्या वर्तुळातल्याच.

(दृश्य: पुन्हा विहीर. वरच्या बाजूला मोटांच्या जागा.)

आता या दगडांकडे नीट बघा. बांधकाम शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. १७१९ हे वर्ष साताऱ्याच्या दृष्टीने साधं नव्हतं. बाळाजी विश्वनाथ पेशवे त्याच वर्षी दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, आणि तीस वर्षांच्या कैदेनंतर येसूबाईही घरी परतल्या. राज्याला हक्काच्या उत्पन्नाची आशा लागली त्याच वर्षी हे काम निघालं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

विरूबाईंनी हातातला पैसा पाण्यात घातला, तोही सगळ्यांच्या उपयोगी पडेल असा. काठावर मोटा चालवायच्या जागा आहेत, एका वेळी बारा मोटा चालत. एका मोटेला निदान एक बैलजोडी धरली तरी चोवीस बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या उतरत्या वाटेवरून, पुढे-मागे होत असणार. चाकांची कुरकुर, नाड्याला म्हणजे जाड दोराला पडलेला ताण, मोटेच्या सोंडेचा बारीक दोर, सोंदूर, सैल सोडला की थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, पडणारा पाण्याचा लोट, आणि तिथून पाटाने आमराईकडे निघालेलं पाणी. साधी शेतविहीर एका मोटेवर चालते. इथे बारा.

आणि मोटांच्या खाली, जमिनीच्या पोटात, चक्क महाल. जिन्याने उतरलं की कमानदार दरवाजा, त्याच्या आत विहिरीच्या मधोमध, पाण्याच्या वर बांधलेली बैठक. भिंतींवर हत्तींवर मात करणारे सिंह कोरलेत. बाहेर वैशाख वणवा पेटलेला असला, तरी आत अंगावर गारवा येतो. पुढे प्रतापसिंह छत्रपती इथे खलबतं करत, असं गावात सांगतात. पाण्यावर बसून माणसांशी बोलता येईल अशी जागा ज्या बाईंना सुचली, त्यांना राजकारण कुठे आणि कसं होतं हे पक्कं कळत होतं.

(दृश्य: जुन्या नकाशावर सातारा, जंजिरा, तिरुचिरापल्ली.)

त्यांच्या मांडीवर वाढलेले फत्तेसिंह एव्हाना मोठे झाले. १७३३ च्या जंजिऱ्याच्या मोहिमेवर शाहूंनी त्यांना धाडलं. पुढे कर्नाटकच्या मोठ्या मोहिमेत ते रघूजी भोसल्यांसोबत होते, आणि १७४१ मध्ये मराठ्यांनी तिरुचिरापल्ली घेतली.

ती बातमी ऐकायला विरूबाई राहिल्या नाहीत.

१७४० हे साल साताऱ्याने कसं सोसलं असेल! एप्रिलमध्ये नर्मदेकाठी बाजीराव गेले. डिसेंबरात चिमाजी अप्पा गेले, आणि त्यानंतर आठवड्याभरात, २४ डिसेंबरला विरूबाई. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या दोन मृत्यूंवर पानंच्या पानं आहेत. तिसऱ्यावर एखादी ओळ. पण शाहूराजांच्या रोजच्या जगण्यात सर्वांत मोठी पोकळी कुठे पडली असेल, ते पुढच्या नऊ वर्षांत दिसतं. राण्यांमधली तेढ उघड्यावर आली. तिला आवर घालणारं कुणी उरलं नाही. कारभाऱ्यांनी आणि सरदारांनी तीत आपापली बाजू धरली. राजांचे मुलगे लहानपणीच गेलेले, वारस कोण याचा निवाडा लांबत गेला. आजारी राजाच्या उशाशी बसून सगळ्यांना गप्प करील, असा एकही माणूस वाड्यात नव्हता.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून आणलेले रामराजे गादीवर आले, आणि वर्षभरात ताराबाईंनीच त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कोंडलं. १७५१ च्या मार्चमध्ये ताराबाईंच्या मदतीला आलेले दमाजी गायकवाड आणि पेशव्यांची फौज समोरासमोर आली ती निंबला. निंब म्हणजे हेच लिंब. मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींना भिडल्या त्या विरूबाईंच्या गावात.

(दृश्य: अक्कलकोटचा राजवाडा.)

फत्तेसिंहांना छत्रपतींची गादी मिळाली नाही, रक्ताने ते भोसले नव्हते. पण अक्कलकोटची जहागीर त्यांना मिळाली होती, आणि त्यांच्या घराण्याने ते संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत राखलं. एकोणिसाव्या शतकात स्वामी समर्थ अक्कलकोटला आले, तेव्हा गादीवर याच घराण्यातले मालोजीराजे होते. आज अक्कलकोटला जाणाऱ्या गाड्यांना साताऱ्याहून जायचं तर लिंब वाटेवर लागत नाही. तरीही एकदा वाट वाकडी करून या.