पाचवं बटण

(दृश्य : टेबलावर पसरलेला पांढरा शर्ट. शेजारी लाकडी मुठीचा, तारेचा लहानसा हुक.)

हा हुक काजातून आत घालायचा, पलीकडचं बटण तारेच्या फासात धरायचं आणि हलकेच ओढून घ्यायचं. पक्षाघातानंतर उजवा हात साथ देत नाही, अशा माणसाला एका हाताने शर्ट घालता यावा म्हणून तो आहे. समोर बसलेल्या गृहस्थांनी आज चार बटणं लावली. अकरा मिनिटं लागली. व्यवसायोपचार करणारी थेरपिस्ट शेजारीच होती, पण तिने एकदाही हात पुढे केला नाही. मला तर वाटतं, हात पुढे न करणं हाच तिच्या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा असावा. पाचव्या बटणाला हुक निसटला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काका, कोपर टेबलावर टेका."

लांबून पाहणाऱ्याला काय दिसलं? एक माणूस शर्ट घालतोय आणि दुसरी व्यक्ती नुसती बघतेय. थेरपिस्टला मात्र बरंच दिसलं. खांदा कुठे अडतोय, बसल्याबसल्या तोल कुठल्या बाजूला जातोय, उजवीकडची बाही डोळ्यांतून सुटतेय का, आधी काय आणि नंतर काय हा क्रम डोक्यात टिकतोय का. हे सगळं तिने अकरा मिनिटांत टिपलं.

(दृश्य : थेरपिस्ट लिहिते आहे.)

मग ती नोंद लिहायला बसते. "रुग्ण एका हाताने, साधनाच्या मदतीने, चार बटणं लावतो. पाचव्याला तोंडी सूचना लागते." ही नोंद पुढे ज्याच्या टेबलावर जाणार, त्याने हा शर्टही पाहिलेला नाही आणि हा हुकही. आणखी किती वेळा उपचार मिळायचे, त्याचे पैसे कोण देणार, हे तिथे ठरतं. तिथे "बटण लावणं म्हणजे काय मोठं" असा शेरा पडला, तर एकटी थेरपिस्ट काय करणार? फार तर पत्र लिहील. आपली गोष्ट सुरू होते ती इथे. एकटीने लिहिलेलं पत्र आणि हजारोंच्या वतीने गेलेलं पत्र यांत फरक असतो, आणि तो फरक घडवायलाच या पेशाने स्वतःची संघटना बांधली.

(दृश्य : रुग्णालयाच्या दारावरची पाटी.)

आधी नावाचं बघू. मराठीत या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, नोकरी-धंदा मिळवून देणारं काही असेल. आद्याक्षरं घेतली तर होतं "ओटी", आणि रुग्णालयात ओटी म्हटलं की सगळे ऑपरेशन थिएटरकडे बोट दाखवतात. उरलेले म्हणतात, "म्हणजे फिजिओथेरपीच ना?" इथे व्यवसाय या शब्दाचा अर्थ फार मोठा आहे. माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं त्यात आलं. अंघोळ, लेखन, खेळ, घरकाम, कामावर जाणं. ते करता येईनासं झालं की ते पुन्हा करता यावं म्हणून, करता करताच केलेला उपचार तो व्यवसायोपचार. पण हे प्रत्येक थेरपिस्टने दिवसातून दहा वेळा समजावत बसायचं म्हटलं, तर उपचार करायचे कधी? 2010 पासून 27 ऑक्टोबर हा जागतिक व्यवसायोपचार दिन पाळला जातो. एक दिवस तरी सगळ्या देशांतल्या संघटना ही समजावणी एका सुरात करतात.

(दृश्य : जुनं लाकडी घर, बर्फाळ अंगण.)

मार्च 1917. न्यूयॉर्क राज्यातलं क्लिफ्टन स्प्रिंग्ज हे छोटं गाव. तिथल्या "कन्सोलेशन हाऊस" नावाच्या घरात सहा माणसं जमली. घर जॉर्ज एडवर्ड बार्टन यांचं. बार्टन डॉक्टर नव्हते, वास्तुविशारद होते. क्षयाने त्यांना पोखरलं होतं, एका पावलाचा भाग कापावा लागला होता, डावी बाजू लुळी पडली होती. याच घरात सुतारकाम आणि बागकाम करत त्यांनी स्वतःला पुन्हा उभं केलं होतं. त्यांच्यासोबत होते मानसोपचारतज्ज्ञ विल्यम रश डंटन, समाजकार्यातून आलेल्या एलेनॉर क्लार्क स्लॅगल, हस्तकला शिकवणाऱ्या सुझन कॉक्स जॉन्सन, आणखी एक वास्तुविशारद थॉमस किडनर, आणि बार्टन यांच्या सचिव इझाबेल न्यूटन. सहांत दोन वास्तुविशारद आणि एकच डॉक्टर! पेशा कुठल्या मातीतून उगवला ते या हजेरीपटावरूनच कळतं. तिथे स्थापन झालेल्या संस्थेने 1921 मध्ये नाव बदललं. तीच आजची अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशन.

संस्था निघाली, पण रुग्णालयाच्या दारात उभी राहणारी व्यक्ती खरंच शिकलेली आहे की दोन विणकामाचे टाके येतात म्हणून आली आहे, हे ओळखायचं कसं? 1923 मध्ये संघटनेने प्रशिक्षणाचे किमान निकष ठरवले. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला पात्र थेरपिस्टची नोंदवही सुरू केली. 1935 मध्ये तिथल्या वैद्यक संघटनेला सोबत घेऊन, ही विद्या शिकवणाऱ्या शाळा तपासण्याची पद्धत बसवली. वाचायला रुक्ष वाटेल, पण ज्या पेशाला शंभर जण "हे तर कुणीही करेल" म्हणतात, त्याला नोंदवही हाच पहिला आधार असतो. स्लॅगल 1937 पर्यंत संघटनेच्या सचिव म्हणून हे काम ओढत राहिल्या.

(दृश्य : युद्धकाळातलं रुग्णालय. खाटांवर सैनिक, हातात विणकाम.)

पहिल्या महायुद्धात जखमी अमेरिकी सैनिकांबरोबर काम करायला ज्या स्त्रिया गेल्या, त्यांना "रीकन्स्ट्रक्शन एड" म्हणत. युद्धभूमीपर्यंत त्या गेल्या, पण कागदोपत्री राहिल्या मुलकी कर्मचारी. सैनिकी दर्जा नाही, म्हणून त्यापाठोपाठ येणारं संरक्षणही नाही. दुसऱ्या महायुद्धात फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञांना सैन्यात दर्जा मिळाला. व्यवसायोपचारातल्या स्त्रिया तेव्हाही बाहेरच राहिल्या. एकाच वॉर्डात, एकाच सैनिकाच्या खाटेशी तिघी उभ्या, आणि त्यांतल्या एकीच्या खांद्यावर काहीच नाही. 1947 च्या कायद्याने तिन्ही पेशांचं एक दल झालं, तेव्हा कुठे ही उणीव भरून निघाली. पहिल्या महायुद्धापासून मोजलं तर जवळपास तीस वर्षं.

(दृश्य : जगाचा नकाशा, दहा ठिपके.)

1952 मध्ये दहा देशांच्या संघटना एकत्र आल्या आणि जागतिक महासंघ उभा राहिला. स्कॉटलंडमध्ये काम करणाऱ्या मार्गारेट बार फुल्टन त्याच्या पहिल्या अध्यक्ष. त्या पहिल्या दहांत भारत होता, याचा अभिमान वाटावा असंच आहे. मुंबईत 1950 मध्ये व्यवसायोपचाराची शाळा सुरू करणाऱ्या कमला निंबकर यांनी इथली संघटना उभारली होती. शिक्षण कुठल्याही देशात घेतलं तरी विद्यार्थ्याने प्रत्यक्ष रुग्णांसोबत किमान 1000 तास काढलेच पाहिजेत, ही अट या महासंघाच्या निकषांत आहे. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या थेरपिस्टला या ओळीची किंमत विचारा.

(दृश्य : रिकामा शाळेचा वर्ग. कोपऱ्यात एक लहान टेबल, जाड मुठीच्या पेन्सिली.)

आता रोजच्या कामाकडे येऊ. संघटना म्हटलं की डोळ्यांसमोर अधिवेशन, व्यासपीठ आणि पुष्पगुच्छ येतात. तिचं खरं मोल कळतं ते एकट्या थेरपिस्टला. रुग्णालयात शेजारच्या खोलीत सहकारी असतो, चहा पिता पिता विचारता येतं. पण शाळेत, एखाद्या दूरच्या केंद्रात किंवा लोकांच्या घरी जाऊन काम करणारी थेरपिस्ट सगळ्या इमारतीत या पेशाची एकटीच असते. तिचा वरिष्ठ वेगळ्या शास्त्राचा. तो म्हणतो, "मुलं वाढवून घ्या, दहाच्या जागी वीस बघा." हे योग्य नाही, असं तिला आतून कळतं. पण "मला वाटतं" यावर वरिष्ठ हलत नाही. अशा वेळी तिच्या हातात संघटनेचा छापील दस्तऐवज असला, की अमुक प्रकारच्या कामासाठी काय विचारात घ्यायचं, नोंदी काय ठेवायच्या, सुरक्षितपणे किती जणांची जबाबदारी घेता येते, तर बोलणं बदलतं. ती तक्रार करणारी कर्मचारी राहत नाही. तिच्या पेशाचा नियम बोलू लागतो.

उपचारादरम्यान काही चुकलं आणि दावा दाखल झाला, तर संरक्षण देणारा विमा अनेक देशांत सभासदत्वाबरोबर मिळतो किंवा स्वस्तात घेता येतो. नवं संशोधन वाचायला नियतकालिक मिळतं. अमेरिकन संघटनेचं 1947 पासून निघतं आहे. नव्याने कामाला लागलेल्याला अनुभवी मार्गदर्शक जोडून दिला जातो. ब्रिटनमध्ये पगार, कामाचे तास, शिस्तभंगाची कारवाई यांसाठी संघटनेच्या सभासदांच्या पाठीशी युनिसन ही मोठी कामगार संघटना उभी असते. पेशाचं एक जण बघतं, नोकरीचं दुसरं. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती सोडवायलाच हवी. परवाना देणारी परिषद वेगळी आणि संघटना वेगळी. परिषद रुग्णाच्या बाजूने उभी असते. थेरपिस्ट चुकला तर ती त्याचं नाव नोंदवहीतून काढू शकते. संघटना थेरपिस्टच्या आणि पेशाच्या बाजूने बोलते. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर शोभत नाहीत. अमेरिकेत परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचं काम आधी संघटनाच करत असे. 1986 मध्ये ते काम स्वतंत्र मंडळाकडे गेलं. आपल्याच सभासदांना पास-नापास करायचं आणि त्यांचीच वकिलीही करायची, हे फार काळ चालणारं नव्हतं.

(दृश्य : कायद्याच्या पुस्तकाची पानं.)

वकिली म्हणजे नेमकं काय, हे ज्या एका लढाईतून सगळ्यात चांगलं दिसतं, ती वीस वर्षं चालली. अमेरिकेत मेडिकेअर ही वयस्कर आणि अपंग नागरिकांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना आहे. 1997 मध्ये तिथल्या संसदेने खर्च आवरण्यासाठी या उपचारांवर मर्यादा घातली. रुग्णालयाबाहेर घेतलेल्या व्यवसायोपचारासाठी वर्षाला 1500 डॉलर. तेवढे संपले की उरलेलं वर्ष रुग्णाने स्वतःच्या खिशातून भागवायचं. आता विचार करा, एखाद्या बाईंना जानेवारीत पक्षाघात झाला, पैसे त्यात संपले, आणि ऑक्टोबरमध्ये त्या पडल्या, मनगट मोडलं. मनगटासाठी काहीच शिल्लक नाही. ज्याला उपचाराची सर्वाधिक गरज, त्याच्यावरच ही मर्यादा सगळ्यात आधी आदळत होती.

व्यवसायोपचार, फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार या तिन्ही पेशांच्या संघटना, रुग्णांच्या संघटनांना घेऊन, याविरुद्ध उभ्या राहिल्या. मर्यादा 1999 मध्ये लागू झाली, पुढच्याच वर्षी स्थगित झाली, पुन्हा आली, पुन्हा थांबली. 2006 पासून, गरज सिद्ध केली तर सवलत, असा मार्ग निघाला. पण तोही मुदतीचा. मुदत संपत आली की पुन्हा लोकप्रतिनिधींच्या भेटी, पुन्हा पत्रं, पुन्हा थेरपिस्ट आणि रुग्ण त्यांच्या दारात.

या भेटींत काय बोलतात? "आमचा पेशा थोर आहे" असं सांगून कुणी कायदा बदलत नाही. तिथे रुग्णाची हकीकत लागते आणि तिच्या जोडीला आकडा लागतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या खर्चाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाची ताकद कमी पडलेले (हार्ट फेल्युअर) रुग्ण, न्यूमोनियाचे आणि हृदयविकाराचा झटका आलेले, या तीन गटांत घरी गेल्यावर पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण संशोधकांनी पाहिलं. तिन्ही गटांत हे प्रमाण कमी असण्याशी संबंध दिसला तो एकाच प्रकारच्या खर्चाचा, व्यवसायोपचारावरच्या खर्चाचा. कारणही समजण्यासारखं आहे. घरी जाताना गोळ्यांचा डबा उघडता येतो का, न्हाणीघरात पाय घसरेल का, हे विचारणारी व्यक्ती तीच असते. पण असा अभ्यास कपाटात पडून राहिला तर उपयोग काय? तो उचलून, साध्या भाषेत एका पानावर आणून, योग्य टेबलावर ठेवण्याचं काम संघटना करते.

2017 च्या अखेरीला सवलतीची मुदत संपली आणि नव्या वर्षात मर्यादा पुन्हा जागी झाली. अखेर 9 फेब्रुवारी 2018 रोजी ती कायमची रद्द झाली. 1997 मध्ये पदवी घेऊन पहिलं पत्र लिहिणारी थेरपिस्ट तोवर चाळिशी ओलांडून गेली असेल. या लढाईत सभासद होते तसे सभासद नसलेलेही होते. मर्यादा मात्र सगळ्यांचीच उठली. वर्गणी न भरणाऱ्यालाही फळ मिळतं, हे संघटनेच्या कामाचं जुनं दुखणं आहे. "मला काय मिळतं?" असं विचारणाऱ्या तरुण थेरपिस्टना मी तरी हेच सांगेन की, जे आधीच मिळून बसलंय त्याचे पैसे कुणीतरी भरले होते.

(दृश्य : पुन्हा तीच खोली. या वेळी रुग्णाशेजारी थेरपिस्टची सहायक बसली आहे.)

ज्या कायद्याने मर्यादा उठली, त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या प्रशिक्षित सहायकाने उपचार दिला, तर मेडिकेअर नेहमीच्या दराच्या 85 टक्केच पैसे देणार. 2022 पासून ते लागू झालं. शर्ट तोच, हुक तोच, कोपर टेबलावर टेकवायला सांगणंही तेच. शेजारी बसलेली व्यक्ती सहायक आहे, म्हणून त्या अकरा मिनिटांचं मोल कमी. लांबच्या गावांत तर रोज येणारी सहायकच असते. संघटनेला या कलमासाठी नवी फाइल उघडावी लागली. पुन्हा नोंदी, पुन्हा आकडे, पुन्हा भेटीच्या वेळा मागणं.

(दृश्य : हुक काजातून आत जातो. बटण फासात येतं. निसटतं. सहायक हात मांडीवरच ठेवते. हुक पुन्हा आत जातो.)