पाद्र्यांच्या घरातला खून

सेंट मेरी मीड हे गाव इंग्लंडच्या नकाशावर सापडायचं नाही. अगाथा ख्रिस्ती यांनी ते कागदावरच वसवलं. १९३० साली आलेल्या ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’ या कादंबरीची सगळी गोष्ट या गावात घडते.

सुरुवातीलाच जेवणाच्या टेबलावर मांस कापता कापता पाद्री क्लेमंट बोलून जातात, की कर्नल प्रॉथरोला कुणी मारलं तर जगावर उपकारच होतील. लवकरच त्यांच्याच अभ्यासिकेत, त्यांच्याच लिहिण्याच्या टेबलाशी कर्नल मरून पडलेला सापडतो. डोक्यात गोळी. गोष्ट सांगणारेही हेच पाद्री आहेत.

टेबलावरचं घड्याळ आडवं पडलंय, काटे सहा बावीसवर थांबलेत. शेजारी कर्नलने लिहायला घेतलेली चिठ्ठी, तिच्यावर वेळ सहा वीस. इन्स्पेक्टर स्लॅक खूश! खुनाची वेळ आयतीच हाती आली. पण हे घड्याळ पाव तास पुढे लावलेलं असतं, पाद्रीबुवांना उशीर होऊ नये म्हणून. ते बिचारे सांगायला जातात, तर स्लॅकसाहेब त्यांना गप्प बसवतात. मला या कादंबरीतला सगळ्यात सुंदर प्रसंग हाच वाटतो. महत्त्वाची गोष्ट समोरचा माणूस सांगतोय, आणि ऐकायला कुणी तयार नाही.

शेजारच्या बागेत मात्र खुनांचा छडा लावणाऱ्या मिस मार्पल आहेत. वय झालेलं, लग्न केलेलं नाही, हातात पक्षी बघायची दुर्बीण. गावाच्या लेखी एक भोचक म्हातारी. लघुकथांमधून त्या आधीच वाचकांना भेटल्या होत्या, पण कादंबरीत ही पहिलीच वेळ. आपल्या आजीच्या ईलिंगमधल्या मैत्रिणींची छाप त्यांच्यावर असल्याचं ख्रिस्तींनी लिहून ठेवलंय.

त्या संध्याकाळी कर्नलची बायको अ‍ॅन बागेजवळून पाद्र्यांच्या घराकडे गेली. मिस मार्पल जबाब देतात: तिच्या हातात पर्स नव्हती, आणि कपडे असे, की पिस्तूल लपवायला जागाच नाही. बाई बाहेर पडली आणि हातात पर्स नाही, हे पोलिसांपैकी कुणाच्या ध्यानात आलं असतं?

या जबाबाने अ‍ॅन सुटते की अडकते, ते मी सांगणार नाही. ते पुस्तकातच वाचा.