दुसरा बार

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत आजचा विषय 'चकमकीची रायफल शिकारीसाठी कशी लावावी' असा छापलाय. दारूचं माप, गोळी, तिच्याभोवतीची कापडाची चिंधी, नळीच्या टोकावरची नेमाची माशी, ठिणगी पाडणारा चकमकीचा दगड, या सगळ्यावर मी येणार आहे. पण आधी मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय: तुमच्या बंदुकीचा दुसरा बार कुठे जातो?

पहिला कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक असतं. शिकारीला निघताना नळी स्वच्छ असते, दारू कोरडी असते, हातही गरम असतात. दुसरा बार जळक्या दारूचं किटण धरलेल्या नळीतून, गार पडलेल्या बोटांनी, घाईत भरून काढायचा असतो. जखमी हरणाला लवकर मरण देणारा बार बहुतेक वेळा हाच. आणि जवळजवळ कोणीच त्याच्यासाठी बंदूक लावत नाही, ही माझी कळकळीची तक्रार आहे.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय संपवला, आणि ते योग्यच झालं. इथे पेनसिल्व्हेनियात तो चालू आहे, परवान्याने आणि ठरलेल्या हंगामात. १९७४ साली या राज्याने चकमकीच्या बंदुकीसाठी वेगळा हंगाम काढला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला तो सुरू होतो, आणि त्यात केपाची, म्हणजे चकमकीऐवजी स्फोटक टोपीने पेटणारी, बंदूकसुद्धा चालत नाही. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपास जर्मन कारागिरांनी जी लांब नळीची रायफल घडवली, तिचाच हा वारसा. लोक तिला केंटकी रायफल म्हणतात. जन्म इथला आणि नाव दुसऱ्या गावाचं, असं आपल्याकडच्या आडनावांतही होतं.

तर किटण. काळ्या दारूत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, घन राहतो. काही धुरातून जातो, उरलेला नळीला आतून चिकटतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढतात. ऑगस्टच्या दमट हवेत हे किटण पातळ, चिखलासारखं होतं आणि गोळी सहज उतरते. कोरड्या थंडीत तेच कडक होतं, तळाशी करपलेल्या दुधासारखं. म्हणजे ऑगस्टमध्ये रेंजवर सुरळीत चाललेली जुळणी डिसेंबरात दुसऱ्याच बाराला अडते, आणि दोष मात्र दारूच्या डब्याला मिळतो.

इथे १८५७ आठवल्याशिवाय राहवत नाही. काडतुसाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो: गाईची चरबी, डुकराची चरबी, धर्म बुडाला. पण त्या काडतुसाला चरबी लागत कशासाठी होती, हे शाळेत कोणी विचारलं? ती १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड, ठासणीचीच रायफल. नळी ०.५७७ इंच, आत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा. काडतूस म्हणजे कागदाची पुडी. दातांनी टोक फाडायचं, दारू ओतायची, पुडी उलटी करून गोळी तिच्या कागदासकट नळीत सारायची. तो गोळीभोवतीचा कागदच चरबीत बुडवलेला असे. चरबीचं काम एकच, मागच्या बाराचं किटण मऊ करून पुढची गोळी उतरू देणं. सैनिकाला एकामागून एक बार काढायचे, मध्ये नळी पुसायला सवड नाही. चरबी नसेल तर थोड्याच बारांत बंदुकीची काठी होते.

पुढचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. कलकत्त्याजवळ डमडमच्या छावणीत कुजबुज सुरू झाल्यावर, जानेवारी १८५७च्या अखेरीस सरकारने मुभा दिली की काडतुसं कोरडी द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून हवा तो पदार्थ आणून स्वतः लावावा. मेण आणि तूप लावा असाही पर्याय निघाला. तंत्र म्हणून तो उत्तम होता! काळ्या दारूला प्राणिज किंवा वनस्पतिज स्निग्ध पदार्थच मानवतात. खनिज तेल तिच्याबरोबर जळून डांबरासारखा थर धरतं. पण तोवर विश्वास उडाला होता. मग कागदाच्याच चकाकीवर संशय आला. मग दातांऐवजी हाताने फाडायची कवायत काढली, तिचाही उपयोग झाला नाही. २९ मार्चला बराकपूर, १० मेला मेरठ. पुढचं तुम्हाला माहीत आहे. चरबी कोणत्या जनावराची असावी याची काळजी वेळीच घेतली गेली नव्हती, तो गुन्हा होताच. मला एवढंच म्हणायचंय की त्या ठिणगीच्या मुळाशी दुसऱ्या बाराचा प्रश्न होता. भारताच्या हवेत इंग्रजांची ०.५६८ इंचाची गोळी किटणात इतकी अडू लागली की नंतर ती ०.५५ वर आणावी लागली. सवडीने भरण्यातली चोख बसणी आणि घाईत भरता येणं, यांत त्यांना निवड करावी लागली. आपल्यालाही तीच करायची आहे.

आता आपली बंदूक. पन्नासची नळी धरू, म्हणजे आतला व्यास ०.५०० इंच. गोळी शुद्ध शिशाची, ०.४९० इंच, सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. शिसं शुद्धच हवं. चाकाच्या वजनांतलं कडक शिसं चिंधीचा ठसा धरत नाही. चिंधी घट्ट विणीच्या सुती कापडाची, ०.०१५ जाडीची. दोन्ही बाजूंची धरून गोळी आणि चिंधी मिळून ०.५२० होतात. आटे ०.०१० खोल असतील तर कापड तळापर्यंत बरोबर भरतं, मागचा वायू निसटत नाही. कृत्रिम धागा मिसळलेलं कापड वितळतं, ते घेऊ नका. नवीन कापड धुऊन त्याची खळ काढा.

निशाणेबाज लोक ०.४९५ची गोळी आणि ०.०१८ची चिंधी वापरतात. बेरीज ०.५३१. हातोडीने ठोकून गोळी तोंडात बसवायची, प्रत्येक बारानंतर नळी पुसायची, आणि पन्नास यार्डांवर पाचही भोकं एकमेकांना लागतात. कागदाच्या निशाणावर ते छानच आहे. ही जुळणी रानात नेली की दुसरी गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आणि अर्ध्यावर अडकलेल्या गोळीवर बार काढला तर दारू आणि गोळी यांच्यामधल्या मोकळ्या जागेमुळे नळीला कडं येतं, फुगवटा धरतो, नळी फाटूही शकते.

म्हणून माझी कसोटी अशी. थंड, कोरड्या दिवशी, मध्ये न पुसता तीन बार काढा. तिसरी गोळी नुसत्या ठासायच्या गजाने, एका हाताच्या बळाने तळाशी गेली पाहिजे. अडली तर आधी स्निग्ध पदार्थ वाढवा किंवा बदला. तरी अडली तर चिंधी ०.०१२ किंवा ०.०१० वर आणा. गोळीचं माप सगळ्यात शेवटी बदलायचं. मेण आणि चरबी, मेण आणि ऑलिव्ह तेल, काहीही चालेल. मात्र थंडीत मेणाचा भाग कमी ठेवा, नाहीतर तेच घट्ट होतं. थुंकी किंवा पाण्यात मिसळणारं तेल रेंजवर उत्तम, कारण बार लगेच निघतो. शिकारीत भरलेला बार तासन्‌तास नळीत असतो. ओल दारूत उतरते आणि नळी गंजते.

आणि झाडलेल्या चिंध्या उचलून आणा! तोंडापुढे दहा-पंधरा पावलांवर पडतात. त्यांच्याइतकं खरं कोणी बोलत नाही. मध्यभागी करड्या आणि कडेला जराशा झिरमिळ्या म्हणजे ठीक. मधोमध जळून भोक पडलं असेल तर बसणी सैल आहे किंवा स्निग्धता कमी आहे. गोलाकार चिरा असतील तर आट्यांची किंवा नळीच्या तोंडाची धार कापते आहे. ती बारीक पॉलिश पेपरने मारावी लागते.

दारू. एफ जितके जास्त तितके दाणे बारीक. पन्नासला दोन-एफ, रंजकेला, म्हणजे ठिणगीने बाहेर आधी पेटणाऱ्या थोड्याशा दारूला, चार-एफ. धूरविरहित दारू चिमूटभरसुद्धा नाही, नळी हातात फुटते. ५० ग्रेनपासून सुरू करा, पाच-पाचने वाढवत ८०पर्यंत जा. प्रत्येक मापाला पाच बार, आणि बघायचं काय, तर भोकं किती जवळ पडली. ती कुठे पडली हे आत्ता नाही. बहुतेक बंदुका ६५ ते ७५च्या दरम्यान आपलं माप सांगतात. दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत दारू कधीही ओतू नका. आत एखादा निखारा उरला असेल तर हातातलं सगळं शिंग फुटतं. शिंगातून मापात आणि मापातून नळीत. रेंजवर दोन बारांमध्ये मिनिटभर थांबा आणि जेमतेम ओलसर चिंधी एकदा आत, उलटी करून एकदा, मग कोरडी. वरखाली घासत बसलात तर किटण तळाशी ढकललं जातं आणि बंदुकीचा कान, म्हणजे रंजकेची आग आत जायचं भोक, बुजतो.

समोरून दहा मिनिटांची चिठ्ठी आली आहे. माशी, चकमक, भरणं आणि धुणं अजून बाकी आहे, तर भरभर सांगतो.

भरण्याआधी रिकाम्या नळीत गज टाकून तोंडाशी खूण करा. ठरलेला बार भरून दुसरी. गज दुसऱ्या खुणेशी आला नाही तर बार काढायचा नाही, दुसरी खूण नळीत बुडून गज पहिलीच्या जवळ गेला तर दारूच पडलेली नाही. दारू विसरून गोळी ठासली तर कानातून थोडी चार-एफ आत सारा, गोळी तळाला टेकवा आणि सुरक्षित दिशेला झाडून टाका. गज तोंडाजवळ धरून वीतभर-वीतभर ढकला. लांब पकडलेला लाकडी गज मोडतो आणि हातातून आरपार जातो. डोकं नळीच्या तोंडावर नको. गोळी टेकली की थांबा, आपटून चपटी करू नका.

चकमक चामड्यात गुंडाळून जबड्यात घट्ट धरा. तिची धार पोलादाच्या पात्याला समांतर हवी, पूर्ण रुंदीत एकदम टेकणारी. कान सुमारे १/१६ इंचाचा. रंजक तीन-चार ग्रेन पुरते, आणि ती कानापासून दूर सारायची. कान रंजकेने भरला तर आग झेपावत नाही, वातीसारखी सरपटत जाते. रंजक उडाली आणि बार झाला नाही, तर नळी निशाणाकडेच ठेवून पूर्ण मिनिट मोजा. मग कान सुईने मोकळा करून पुन्हा रंजक. दमट दिवशी तासातासाला रंजक बदला, आणि कुलपावर, म्हणजे चकमकीच्या यंत्रावर, मेण मुरवलेलं चामडं बांधा.

माशी. कारागीर ती मुद्दाम उंच ठेवतात, त्यामुळे गोळ्या खाली लागतात. किती घासायची याचं गणित सोपं आहे. गोळी जितकी खाली लागली त्याला माशी आणि मागची खाच यांतल्या अंतराने गुणा, आणि निशाणाच्या अंतराने भागा. सगळं इंचांत. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. गोळी ३ इंच खाली, माशी-खाचेत २८ इंच: तीन गुणिले अठ्ठावीस भागिले अठराशे, ०.०४७ इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटरलाही कमी. त्यातलं निम्मंच घासा आणि पुन्हा झाडून बघा, कारण घासलेलं परत येत नाही. डावं-उजवं असेल तर मागची खाच ज्या बाजूला गोळी हवी त्या बाजूला, पितळी ठोकणीने. आणि हे सगळं दोन्ही अवस्थांत पाहायचं. स्वच्छ, तेल पुसलेल्या नळीचा पहिला बार वेगवेगळ्या दिवशी मिळून पाच वेळा, आणि न पुसता भरलेला दुसरा बार पाच वेळा. दोन पुंजक्यांत ५० यार्डांवर दोन-तीन इंचांचं अंतर असेल तर चालेल, हरणाची मर्मजागा त्याहून मोठी असते. जास्त असेल तर पुन्हा चिंधीकडे. रानात ७५ यार्डांपलीकडे मोह नको. गोल गोळी वेग फार लवकर गमावते.

शिकारीच्या सकाळी नळीतलं तेल स्पिरिटच्या चिंधीने पुसा, कान मोकळा करा, मगच भरा. दुसऱ्या बारासाठी मोजलेली दारू नळकांड्यात, आणि चिंधीसकट गोळ्या भोकं पाडलेल्या लाकडी पट्टीत, गळ्यात. संध्याकाळी रिकामी केलेली बंदूक त्याच दिवशी पाण्याने धुवायची. किटण क्षारांचं आहे, ते तेलात विरघळत नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मग स्वच्छ पाणी, कोरड्या चिंध्या, आणि तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी फिरवून बघा. ती तांबूस निघाली तर पुन्हा धुवा.

वेळ संपली. हा गज ठेवतोय टेबलावर, त्याच्यावर दोन खुणा आहेत. पुढे येऊन हातात घेऊन बघा, आणि आपापले गज आणले असतील तर खुणा इथेच करून घेऊ.